तक्रार नसलेलं गाव

१

धानाच्या रोवण्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, हिरालाल जमादाराची बायको रत्नमाला आपल्याच शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, मेली.

एक लहान विमान डोक्यावरून गेलं. इतकं खालून गेलं की मोहाच्या झाडाची पानं झडून बांधीतल्या म्हणजे भातखाचरातल्या पाण्यावर पडली. चिखलात चालणारी टिकारामची बैलजोडी उधळली. मागचा लाकडी पाटा उसळून धुऱ्यावर आला आणि रत्नमालाच्या छातीत बसला. मोहाडीच्या दवाखान्यापर्यंत ती पोचली नाही.

हिरालाल त्या वेळी पेन्शनच्या कामाने भंडाऱ्याला गेला होता. पोलिसातली तीस वर्षं दुसऱ्यांच्या मढ्याजवळ उभं राहण्यात गेली. स्वतःच्या माणसाजवळ मात्र तो तीन तास उशिरा पोचला.

विमान गोंदियाकडच्या एका फ्लाइंग क्लबचं होतं. तिथे पोरं विमान चालवायला शिकत. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाल्याला चौदा वर्षं झाली होती. विमान उडालं त्या जिल्ह्यात, बाई मेली या जिल्ह्यात. म्हणून कागद चार दिवस नुसते इकडून तिकडे फिरले. पाचव्या दिवशी क्लबचा खुलासा आला आणि ग्रामपंचायतीत वाचला गेला. त्यात लिहिलं होतं की शेतातल्या एका बाईने लाल कापड हलवून इशारा केला. कोणाला मदत हवी असावी असं समजून शिक्षकाने विमान खाली आणलं.

लाल कापड केशरबाईचं होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं. रोवणा करणाऱ्या बायांच्या टोळीची ती मुखिया. दुसऱ्याच दिवशी तिच्या टोळीतल्या अकरा बाया दुसरीकडे कामाला गेल्या.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी गेले, माणसं जेवून उठली. हिरालाल मागच्या अंगणात हात धूत होता, तेव्हा केशरबाई आली. ती जेवली नव्हती.

"जमादार भाऊ, तुम्ही तीस वर्षं पोलिसात होते. माह्यासाठी एक शोध लावून द्या."

"कायचा?"

"रत्नमालाले मी मारलं का नाही, त्याचा."

२

हिरालालने तिला ओसरीवर बसवलं. खरं सांगायचं तर गेले दोन दिवस त्यालाही वाटत होतं की हिनेच मारलं. तसं वाटण्यात थोडा आराम होता. राग ठेवायला एक ठिकाण मिळालं होतं.

"सुरुवातीपासून सांग," तो म्हणाला. "जे पाह्यलं तेच सांग. लोक काय म्हणून राहिले ते नको."

"शेवटची बांधी होती. आता संध्याकाळी बोजारा भेटते म्हणून बाया मजेत होत्या."

बोजारा म्हणजे रोवणा संपल्यावर मालकाने मजुरांना द्यायचं जेवण. त्या दिवशी बाया धुऱ्याने जाणाऱ्या कोणालाही अडवत. सायकलवाला असो की मास्तर असो, बोजारा मागितल्याशिवाय सोडत नसत. मागच्या साली त्यांनी तलाठ्याला अर्धा तास चिखलात उभं केलं होतं.

"मंग विमान दिसलं," केशरबाई म्हणाली. "एक पोरगी म्हणे, आता याले अडवा. मी डोक्याचा शेला सोडला अन् वर केला. म्हटलं, थांब रे, बोजारा देऊन जा. साऱ्या हासल्या. रत्नमालाही हासली. अन् मंग ते आलंच."

"शेला वर केला तवा विमान कुठं होतं?"

"मले काय समजते भाऊ? वर होतं."

"आवाज केव्हापासून येत होता?"

ती थांबली. तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"आवाज आलाच नाही," ती हळूच म्हणाली. "डोक्यावर आल्यावर एकदम फाटला. त्याच्या आंधी काहीच नाही. असं कसं होईन, भाऊ?"



"सोमवारी चौकशीचा साहेब येते," केशरबाई उठत म्हणाली. "मी मारलं म्हणाल त मी तसं सांगून देईन. पण मले मालूम पाहिजे. मले झोप नाही येऊन राहिली."

३

टिकाराम गोठ्यात होता. बैलांना चारा टाकत होता आणि एकाच बैलासमोर तीनदा टाकला तरी त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पंचनाम्यात सांगतलं ना मी," तो म्हणाला. "केशरबाईनं कापड दाखवलं, विमान खाली आलं, बैल बुजले."

"कापड आंधी का विमान आंधी?"

"कापड."

"तुहं तोंड कोणीकडे होतं?"

"मोहाच्या झाडाकडे."

"अन् बाया?"

"माह्या मागं."

"मंग कापड तुले दिसलं कसं गा?"

टिकारामने चाऱ्याची पेंढी खाली ठेवली. "आता बैलालेच विचारा जमादार. ते खोटं बोलत नाहीत."

"बैलाले विचारीन. पण कासरा बैलाच्या हातात नव्हता."

हे हिरालालने अंदाजाने म्हटलं. बैल उधळला तर कासरा धरलेला माणूस फरफटत जातो, हाताला सोलतो. टिकारामचे तळहात कोरे होते.

टिकाराम गोठ्याच्या खांबाला टेकून खाली बसला.

"ते झाडाच्या मांगून निघालं," तो म्हणाला. "खालीच होतं, जमादार. खाली आलेलंच होतं. अजिबात आवाज नव्हता. घारीवाणी येऊन राहिलं होतं. मी वळून बायांकडे पाह्यलं, तवा केशरबाई शेला उचलून राहिली होती. मंग तो आवाज झाला. मी कासरा सोडला अन् दोन्ही कानावर हात ठेवले. धरून ठेवलं असतं त..."

"त पंचनाम्यात कापड आंधी काहून सांगतलं?"

"शिपायानं विचारलं, बैल तुहे होते ना? मी घाबरलो. क्लबचा माणूस तिथंच उभा होता, त्यानं म्हटलं कापड होतं. मीही म्हटलं, कापड होतं."

हिरालाल उठला. तीस वर्षांत त्याने असे कितीतरी जबाब घेतले होते. भ्यालेला माणूस त्याच्या समोर ठेवलेलं पहिलं वाक्य उचलतो. हिरालाल असा जबाब घाईने लिहून घ्यायचा, कारण त्याने फाईल लवकर बंद व्हायची.

म्हणजे शेला वर होण्याआधी विमान खाली होतं. पण मग ते खाली आलं कशासाठी?

४

मोहाच्या झाडाच्या मागे सरळ रेघ काढली तर ती करडीला जाते. तीन किलोमीटर. करडीच्या रस्त्यावर सीताबाईची चहाची टपरी होती.

"माहा चहा अर्धा सांडला त्या दिवशी," सीताबाई म्हणाली. "विमान घर्रघर्र करत आलं अन् इथंच, डोक्यावर, बंद पडलं."

"बंद पडलं?"

"आवाज गेला ना वो. पंखा बंद केल्यावर कसा जाते, तसा. मी म्हटलं पडते आता. टपरीवरचे सारे बाहेर निघाले. एकजण त पैसे न देता निघाला, अजून आला नाही. मंग ते हळूहळू तुमच्या गावाकडे उतरत गेलं. मंग तिकडून मोठा आवाज झाला, आम्हाले वाटलं पडलं. पण ते वर जाताना दिसलं."

"त्याच्या आंधी कधी असं झालं होतं?"

"दोन-चार खेपा झालं असन. आमची सवय झाली होती."

तीन किलोमीटरवरून कोणाला शेला दिसत नाही. आणि शेला तोवर केशरबाईच्या डोक्याला बांधलेला होता. केशरबाईने मारलं नव्हतं. हे एवढं पक्कं झालं, पण हिरालालला हलकं वाटलं नाही.

परत येताना तळ्याच्या पाळीवर मंगरू बकऱ्या घेऊन बसला होता. हिरालालला पाहून तो उभा राहिला.

"जयभीम, साहेब."

"जयभीम. विमान तू पाह्यलं होतं का त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी इकडच्या बाजूले होतो. पण आंधी पाह्यलं ना. बैसाखात नाही का, असंच मुकाट आलं, अन् पाळीवर आल्यावर ओरडलं. बकऱ्या पाण्यात गेल्या, दोन पिल्लं बुडली. म्हणून त तुमच्याकडे आलो होतो." मंगरूने मान हलवली. "तुम्ही एवढा पक्का अर्ज करून देला, मी अंगठा ठोकला, तरी मानले नाहीत लेकाचे. तुमचाही अर्ज मानत नाहीत म्हंजे काय म्हणावं."

हिरालालने बकऱ्यांबद्दल काहीतरी विचारलं. मंगरू काय म्हणाला ते त्याला ऐकू आलं नाही. तो सरळ तुमसर रोडच्या स्टेशनकडे निघाला आणि गोंदियाच्या गाडीत बसला.

५

क्लबच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एक पोरगी बसली होती. वीसेक वर्षांची असेल. हिरालालने नाव-गाव सांगितलं तेव्हा ती उठून उभी राहिली, आणि तिचा चेहरा पाहून त्याला विचारावंच लागलं नाही की विमान कोण चालवत होतं.

तिचं नाव हर्षा. नागपूरची. शिक्षक शेजारच्या खुर्चीत होता, विमान तिच्या हातात होतं.

"काका, मी तुमच्या घरी येणार होते," ती म्हणाली. "येऊ दिलं नाही."

"मले एकच सांग बाई. करडीवर आवाज काहून बंद झाला?"

"सराव असतो. इंजिन बंद पडलं असं समजायचं आणि एखादं शेत निवडून तिथे उतरायला जायचं. शिक्षक इंजिनाचा जोर काढून घेतात. पुरेशा उंचीवरच पुन्हा जोर देऊन वर निघायचं असतं. माणसं दिसली तर त्याच्याही खूप आधी."

"तुम्ही वर काहून नाही निघाले?"

"मी म्हटलं होतं, सर, खाली बायका आहेत. ते म्हणाले, अजून खाली घे, शेवटपर्यंत अंदाज आला पाहिजे." तिने डोळे पुसले नाहीत, तसंच बोलत राहिली. "मी घेतलं. हात माझे होते."

"अन् लाल कापड?"

"मी पाहिलंच नाही. रिपोर्टमध्ये वाचलं. सही केली मी त्याच्यावर." तिने पिशवीतून एक वही काढली. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्याच दिवशी करावी लागे. त्या तारखेपुढे, त्या वेळेपुढे, तिच्या अक्षरात लिहिलं होतं: इंजिन बंद पडल्याचा सराव. शेजारी शिक्षकाची सही होती. कापड, इशारा, मदत, काही नाही. ते सगळं नंतरचं होतं.

"चौकशीच्या साहेबांनी मागितली तर ही वही मी देईन," ती म्हणाली.

हिरालालला आता परत फिरता आलं असतं. पण एक प्रश्न उरला होता, आणि तो पाळीवरून निघाल्यापासून त्याने मागे ठेवला होता.

"इतकी शेतं आहेत. आमचंच गाव काहून?"

हर्षा गोंधळली. "सर म्हणायचे, बाकीच्या गावांतून तक्रारी येतात. इथलं लेखी आहे."

हिरालाल फाटकातून आत गेला. शिक्षकाने त्याला बसायला सांगितलं नाही. पण फाईल मात्र लगेच उघडली, जणू तयारच ठेवली होती.

"जमादारसाहेब, तुमच्या दुःखाची मला कल्पना आहे. पण फक्त आम्हालाच दोष देऊ नका. हे तुमच्याच गावाने दिलंय."

कागद एकच होता. हिरालालने चष्मा लावला नाही. त्याची गरज नव्हती. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

६

सोमवारी ग्रामपंचायतीत दाटी झाली. चौकशीचा साहेब नागपूरहून आला होता. केशरबाई दाराशी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी होती.

हिरालाल उभा राहिला आणि त्याने एकेक गोष्ट मांडली. करडीला, तीन किलोमीटरवर, विमानाचा आवाज बंद झाला, त्याला सीताबाई साक्षी आहे. तेव्हा शेला केशरबाईच्या डोक्याला बांधलेला होता. टिकारामने शेला उचललेला पाहिला तेव्हा विमान झाडाएवढं खाली आलेलं होतं. टिकाराम उठला आणि न विचारता म्हणाला, "मी पंचनाम्यात खोटं सांगतलं, साहेब. भेवानं." मग हिरालालने हर्षाच्या वहीबद्दल सांगितलं. साहेबाने ती मागवून घेण्याचा हुकूम लिहिला.

"म्हणजे या बाईंचा काही संबंध नाही," साहेब म्हणाला.

"नाही."

लोकांत कुजबूज झाली. एक बाई सरकून केशरबाईच्या शेजारी बसली. केशरबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती हिरालालकडे पाहत होती, कारण तो खाली बसला नव्हता.

"साहेब, पुढचंही लिहा," हिरालाल म्हणाला. "विमान आमच्याच गावावर काहून येत होतं, ते राह्यलं."

त्याने क्लबातून आणलेली त्या कागदाची नक्कल खिशातून काढली. मग मंगरूकडे वळला.

"मंगरू, तू बैसाखात माह्याकडे आला होता. मी क्लबले फोन केला. त्यायचा माणूस गाडीवर आला, हात जोडले, पुन्हा होणार नाही म्हणाला, तुह्या पिल्लांचं भरून देलं. मी कागद लिहिला, तू अंगठा देला. त्याच्यात काय लिहिलं ते मी तुले वाचून दाखवलं नव्हतं. आता आयक."

त्याने वाचलं. आवाज तसाच सरळ ठेवला, ठाण्यात वाचायचा तसा.

"आपसात समजूत झाली आहे. यापुढे विमानाबद्दल गावाची काही तक्रार नाही."

मंगरूला ते समजायला वेळ लागला.

"पण मी त तक्रारच करायले आलो होतो, साहेब," तो हिरालालला म्हणाला.

"हो."

"मंग मी अंगठा कायले देला?"

हिरालालने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ठाण्यात तीस वर्षं तो हेच वाक्य लिहीत आला होता. तक्रार नाही. त्याने भांडणं मिटायची, गरीब माणसाचे कोर्टाचे हेलपाटे वाचायचे, साहेब खूश राहायचे. तो त्याला भलं काम समजायचा. मंगरूची तक्रार नाही असं लिहिता आलं असतं. पण हात सवयीने चालला आणि त्याने गावाची असं लिहून टाकलं. अकरा बाया, टिकाराम, केशरबाई, रत्नमाला, सगळे त्या एका शब्दात आले. यातलं काहीच मंगरूला सांगण्यासारखं नव्हतं.

"माह्यावर भरोसा होता म्हणून," तो म्हणाला.

मंगरूने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तो उठून बाहेर गेला.

साहेबाने जबाब लिहून घेतला. विमान खाली नेणाऱ्याचा दोष तो कागद लिहिल्याने कमी होत नाही, असंही तो म्हणाला. हिरालालने मान हलवली. ते खरं होतं. पण त्यामुळे त्याचा स्वतःचा दोषही कमी होत नव्हता.

माणसं पांगू लागली. केशरबाई मात्र त्याच्याजवळ आली. तिला राग आला असेल तर तो चेहऱ्यावर दिसत नव्हता. आठ रात्रींचं जागरण दिसत होतं.

"भाऊ, एक गोष्ट मी तुम्हाले सांगतली नव्हती," ती म्हणाली. "तुम्हाले वाईट वाटन म्हणून ठेवली होती. आता ठेवू का सांगू?"

"सांग."

"विमान खाली दिसलं तशा आम्ही साऱ्या चिखलात बसलो. आंग चोरून. रत्नमाला बसली नाही. धानाच्या पऱ्ह्याच्या जुड्या घेऊन धुऱ्यावर उभीच होती. मी ओरडली, बस व माय, खाली बस. त ती म्हणे..." केशरबाईने पदर तोंडाशी नेला आणि परत खाली घेतला. "ती म्हणे, कायले भेता? यायनं अर्ज देला आहे. आता ते खाली येत नाही."

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

हिरालालला ती संध्याकाळ आठवली. मंगरू अंगठा देऊन गेला होता. रत्नमालाने चुलीजवळूनच विचारलं होतं, देला का अर्ज? आणि तो म्हणाला होता, देला. एवढंच. तिने पुन्हा विचारलं नव्हतं. त्याने सांगितलेलं ती पुन्हा विचारत नसे.

साहेब कागद आवरत होता. कारकुनाने पेनला टोपण लावलं होतं. हिरालाल टेबलापाशी परत गेला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. जबाब देणारे बसतात त्या खुर्चीवर तो आयुष्यात पहिल्यांदा बसत होता.

"साहेब, पेन उघडा," तो म्हणाला. "ती बसली काहून नाही, ते लिहायचं राह्यलं."